लिटल जेरुसलेममधला जीवखडा

मी देवभोळी नाही. सोवळंओवळं, शिवाशिव, कावळा, पिंड या सगळ्याचा मला लहानपणापासून कंटाळा. हे आधीच सांगते, कारण पुढे जो घोळ झाला तो धर्माच्या कामात झाला आणि तो माझ्या हातून झाला. दुसऱ्या कुणी केला असता तर मी त्या बाईला दोन शब्द सुनवायला कमी केलं नसतं.

सासूबाई २०२०च्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आमच्याकडे ल्यूकनला, आयरिश राजधानीच्या कडेच्या उपनगरात, आल्या आणि अडकल्या. मार्चमध्ये विमानं बंद झाली. पुढे खास विमानं सुरू झाली तेव्हा नवरा म्हणाला, इथे गर्दी नाही, घर मोकळं आहे, आई इथेच सुरक्षित. तो डॉक्टर, हॉस्पिटलात रोज माणसं जाताना बघत होता, त्याच्यापुढे कोण बोलणार? सासरे चौलला होते. त्यांना मुळात यायचंच नव्हतं. सुपारीची वाडी सोडून, अंगावर तीन कोट चढवून खिडकीत बसायला मी काही वेडा नाही, असं ते म्हणाले होते. धाकटा दीर त्यांच्यासोबत राहायचा, त्यामुळे आम्हाला काळजी नव्हती. तीन महिन्यांचे बघता बघता चौदा महिने झाले.

सासूबाई स्वस्थ बसणाऱ्यातल्या नाहीत. माझ्या स्वयंपाकघरातली कपाटं, ज्यांना माझी मुलगी इथल्या पद्धतीनं 'प्रेस' म्हणते, त्यांनी तीनदा लावली. मी डॉक्टर मंडळींना घरगुती डबे करून द्यायचे, तर माझ्या आमटीत त्यांना रोज काहीतरी कमी वाटायचं. ऑगस्टमध्ये जरा मोकळीक मिळाली तेव्हा मी त्यांना गाडीत घालून शहरात नेलं. त्यांना फिरवावं हा हेतू होताच, पण खरं म्हणजे एक दुपार माझं स्वयंपाकघर माझं राहावं हा जास्त होता.

मला जुन्या वस्त्या पायी हिंडायची आवड आहे. कालव्याच्या कडेला पोर्टोबेलो म्हणून भाग आहे. लाल विटांची बुटकी घरं, एकाला एक चिकटलेली, दाराशी दोन-तीन पायऱ्या. रशियाच्या बाजूनं, लिथुआनियातून वगैरे आलेले ज्यू शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे राहायला लागले. त्यांचे खाटीक, त्यांचे शिंपी, त्यांचे पाववाले, कुणाच्या तरी माडीवर प्रार्थनेची खोली. लोक अजूनही त्या गल्ल्यांना लिटल जेरुसलेम म्हणतात. मग बरे दिवस आले तशी माणसं दक्षिणेकडच्या मोठ्या घरांत गेली, त्यांची मुलं लंडनला, मँचेस्टरला, इस्रायलला गेली. आता एक संग्रहालय आहे, तेही तेव्हा बंद होतं, आणि त्या काळापासूनची एक बेकरी. मी हे सगळं वाचून गेले होते आणि चालता चालता सासूबाईंना ऐकवत होते. त्या मास्क हनुवटीवर ओढून चालत होत्या. मधेच म्हणाल्या, म्हणजे आपले शनवार तेली.

त्यांचं माहेर अलिबागचं, इस्रायल आळीच्या मागच्या बोळातलं. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे, हे मला ऐकून माहीत होतं. सासूबाईंना ते शेजारी म्हणून माहीत होते.

एका घरापुढे त्या थांबल्या. दार निळं, चकचकीत. त्यांनी उजवीकडच्या चौकटीवर खांद्याच्या उंचीला हात ठेवला. मी म्हटलं, आई, परक्याच्या दाराला हात लावू नका, दिवस कसले आहेत. त्यांनी ऐकलं नाही. रंगाच्या चार थरांखाली वीतभर लांबीची एक खोलगट खूण होती, वर एक आणि खाली एक भोक, बुजवलेलं. 'इथे त्यांची ती नळी होती,' त्या म्हणाल्या. 'आत देवाचं लिहिलेलं असतं. जातायेता बोट लावायचं नि बोटाचा मुका घ्यायचा. आमच्याकडे सरळ असायची, हिथे तिरकी मारलीय.'

तेवढ्यात दार उघडलं. कानात काहीतरी अडकवलेला तिशीचा एक मुलगा, घरूनच ऑफिसचं काम करणारा. मी घाईघाईनं माफी मागितली आणि चौकटीवरची खूण दाखवली. त्यानं ती वाकून पाहिली. तो भाड्यानं राहत होता, तिथे पूर्वी घंटा असेल असं त्याला वाटायचं. सांगितल्याबद्दल आभार मानून, ग्रँड, ग्रँड, म्हणजे ठीक, ठीक, म्हणत त्यानं दार लावून घेतलं.

मग सासूबाई त्या गल्लीभर प्रत्येक चौकट बघत गेल्या. मी मागून शरमत. तीन ठिकाणी खूण सापडली, बाकी चौकटी नव्या होत्या. शेवटच्या दाराशी त्या सांगायला लागल्या. त्यांच्या लहानपणची शनवार तेल्यांची मैत्रीण शाळेत असतानाच घरच्यांसोबत इस्रायलला गेली. जायच्या दिवशी तिच्या वडलांनी दारावरची नळी पेचकसानं काढली आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. पुढे त्या घरात बँकेतला कारकून राहायला आला, त्यानं त्या जागी कॅलेंडर लावलं. एवढं सांगून त्या कालव्याच्या काठी बाकावर बसल्या आणि त्यांनी सासऱ्यांना फोन लावला.

फोन स्पीकरवर होता. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तिथलेही गेले का? गेले, सासूबाई म्हणाल्या. मग रिकामी घरं बघायला एवढं लांब कशाला जायला हवं, आपल्या आळीत काय कमी आहेत, असं म्हणून ते खो खो हसले. त्यांचं हसणं ऐकून शेजारच्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या. मला ते माणूस म्हणून फार आवडायचे. लग्न होऊन गेले त्या पहिल्या आठवड्यात सगळे मला साड्या आणि रीती समजावत होते, तेव्हा त्यांनी मला वाडीत नेऊन पाण्याचा पंप सुरू करायला शिकवलं होतं.

परतताना ज्यूंची एक जुनी दफनभूमी लागली. उंच भिंत, लोखंडी फाटक. सासूबाईंनी फाटकातून आत बघितलं आणि म्हणाल्या, घरं गेली, मसण तेवढं राहिलं.

एप्रिल २०२१ मध्ये चौलला आधी दीर तापला, मग सासरे. दीर घरीच पडून होता. सासऱ्यांना अलिबागच्या दवाखान्यात नेलं. चार दिवस आमचं घर फोनवर चाललं होतं. नवरा ऑक्सिजनचे आकडे विचारायचा आणि ऐकून फक्त हं म्हणायचा. त्या हं वरून मी ओळखायचे. सासूबाई त्याच्या तोंडाकडे बघत बसायच्या आणि तो तोंड फिरवायचा. गुरुवारी पहाटे सासरे गेले. त्याच दुपारी नगरपालिकेच्या माणसांनी त्यांना परस्पर नेलं आणि अग्नी दिला. दिराला एकशे दोन ताप होता. गावातलं कुणी गेलं नाही, कुणाला जाऊ दिलंही नसतं. आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी मुलाला एकच विचारलं, 'मडकं कुणी फोडलं?'

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. चितेभोवती पाण्याचं मडकं घेऊन फिरतात आणि एक जण दगडानं त्याला भोकं पाडत जातो. तोच दगड जपून घरी आणतात. तो जीवखडा. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्याच्या आसऱ्यानं असतो असं मानतात. त्याच्यावर रोज तीळ घालून पाणी द्यायचं आणि दहाव्या दिवशी तो वाहत्या पाण्यात सोडायचा. इथे मडकं नव्हतं, फोडणारा नव्हता आणि दगडही नव्हता.

नवऱ्यानं पुण्यातल्या एका गुरुजींना व्हिडिओवर गाठलं. ते बिचारे सकाळपासून हेच करत होते. म्हणाले, कोणताही स्वच्छ दगड घ्या, संकल्प करा, चालतं. नवरा मागच्या बागेतून पांढरा गोटा घेऊन आला. सासूबाईंनी तो हातात घेऊन पाहिला आणि ओट्यावर ठेवला. तो आम्ही दुकानातून गोणीनं आणलेल्या शोभेच्या दगडांतला होता, हे त्यांना ठाऊक होतं.

'हा ते ओळखणार नाहीत,' त्या म्हणाल्या. 'दगड मसणातला हवा. दहा दिवस त्यांनी कशाच्या आसऱ्यानं ऱ्हायचं? पाणी कशावर घालायचं मी?'

नवरा समजावत बसला. गुरुजींनीच सांगितलंय म्हणाला. मी मधे पडले नाही, पण मनातून चिडले होते. माणूस गेला, त्याला शेवटचं पाणीही कुणी दिलं नाही, आणि आपण दगडाची जात बघत बसलोय, असं मला वाटत होतं. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'अगो, त्या तेल्यांच्या मसणातला आण. इथल्यांपैकी तेवढेच आपले.'

इथल्या विद्युतदाहिनीच्या हॉलमध्ये गालिचा आहे आणि बाहेर कातरलेली हिरवळ. आमच्या जवळच्या कबरस्तानात थडग्यांवर हिरवा काचेचा चुरा पसरतात. मसणातला साधा दगड मिळेल अशी दुसरी जागा नव्हतीच, तेव्हा त्यांनी सांगितलं त्यात तसं चूक काही नव्हतं. मी सुतकाचे म्हणून डबे बंद केलेच होते. शुक्रवारी सकाळी गाडी काढून गेले.

फाटकाजवळच्या घरात राहणारी बाई किल्ली सांभाळायची. दोन मीटर लांब उभी राहून तिनं विचारलं, कुणी नातलग आहे का? मी म्हटलं, नाही, सासरे वारलेत, थोडा वेळ बसायचंय. हे खोटं नव्हतं. तिनं सॉरी फॉर युअर ट्रबल म्हटलं, इथे सगळेच म्हणतात तसं, आणि फाटक उघडलं. फक्त लवकर आटपा म्हणाली, शुक्रवारी ती दुपारीच कुलूप लावते.

आत ओलं गवत, मधून डांबरी वाट. थडगी जवळजवळ, काही कलंडलेली. वर त्यांची लिपी आणि खाली इंग्रजी, पण इंग्रजीही शेवाळानं भरलेलं. मला पटकन निघायचं होतं. जमिनीवर दगड शोधला तर नुसती मऊ माती आणि गवत. वाटेच्या कडेची खडी डांबरात बसलेली. सासूबाईंनी सांगितलं होतं, मुठीत मावेल असा, गुळगुळीत, कुठेही न फुटलेला. एवढ्यात एका थडग्याच्या माथ्यावर अगदी तसाच दगड दिसला. काळसर, लांबट गोल, समुद्रावर मिळतो तसा. मला वाटलं, गवत कापणाऱ्यानं यंत्राच्या पात्याखाली येऊ नये म्हणून उचलून वर ठेवला असेल. आमच्या बागेत नवरा असंच करतो. मी हात जोडले, सासऱ्यांना मनात म्हटलं, बाबा, याच्यावर या, आणि दगड रुमालात घेऊन कोटाच्या खिशात टाकला. पाच मिनिटंही लागली नाहीत. बाहेर पडताना त्या बाईचे आभार मानले. ती म्हणाली, गॉड ब्लेस.

दगड बघून सासूबाईंचा चेहरा जरा सैल झाला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, अंगठ्यानं चोळला. चौलच्या समुद्राचा वाटतो, म्हणाल्या. मागच्या बागेत, पावसानं भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या टेबलाखाली, स्टीलच्या ताटलीत तो ठेवला. रोज सकाळी नवरा कामावर जाण्यापूर्वी लॅपटॉपसमोर उकिडवा बसायचा, गुरुजी सांगतील तसं तीळपाणी द्यायचा. तो गेला की सासूबाई पुन्हा जायच्या आणि आपलं वेगळं पाणी घालायच्या. बायकांनी घालायचं नसतं म्हणे. पण इथे बघायला होतं कोण? मी खिडकीतून बघायचे. त्या दगडाशी बोलायच्या. दिराचा ताप उतरला, पंप बिघडलाय, सुपाऱ्या काढायला माणूस मिळत नाही, असं सगळं. चौदा महिन्यांत माझ्याशी त्या इतकं बोलल्या नव्हत्या. मला तेव्हा फार वाईट वाटलं आणि स्वतःविषयी थोडं बरंही वाटलं. निदान एक काम नीट केलं, असं.

आठव्या दिवशी, म्हणजे पुढच्या गुरुवारी, माझी मुलगी शाळेतून आली आणि बागेत जाऊन दगड बघत उभी राहिली. ती अकरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र ल्यूकनचं इंग्रजी. आजोबा खरंच यात आहेत का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, आजीला तसं वाटतं. हा कुठून आणला, तिनं विचारलं. मी सहज सांगितलं, आणि तिचा चेहरा उतरला. शाळेत त्यांना वेगवेगळ्या धर्मांविषयी शिकवतात. ती म्हणाली, मम्मा, ज्यू लोक कबरीवर फुलं ठेवत नाहीत, दगड ठेवतात. मी येऊन गेले, मी विसरले नाही, असा त्याचा अर्थ असतो. तो दगड तिथे पडलेला नव्हता. कुणीतरी ठेवला होता.

मी तिला म्हटलं, आजीला बोलू नकोस. नंतर फोनवर शोधून बघितलं. सगळीकडे तेच लिहिलेलं. वाऱ्यानं उडत नाही, पावसानं कुजत नाही, म्हणून दगड. आदला सगळा हिवाळा कुणाला पाच किलोमीटरच्या पलीकडे जाता येत नव्हतं, परदेशातून येणं दूरच. कुणी कधी ठेवला असेल तो? आणि आता तो माणूस, ती बाई, परत कधी येणार होती?

त्याच वेळी सांगितलं असतं तर शुक्रवारी सकाळी जाता आलं असतं. मी सांगितलं नाही. मी स्वतःला समजावलं की दोनच दिवस राहिलेत, होऊन जाऊ दे, नंतर मी एकटी जाऊन दुसरा चांगला दगड ठेवून येईन. ही पळवाट होती. सासूबाईंचा राग परवडला असता. त्या रडतील याची मला भीती वाटत होती.

शुक्रवारी संध्याकाळी त्या उद्याच्या पिंडांसाठी तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, तू दगड आणलास म्हणून निभावलं, नाहीतर मला तोंड दाखवायला जागा नव्हती यांना. हे ऐकल्यावर माझ्यानं राहवेना. मी समोर बसून सगळं सांगितलं. त्यांची बोटं तांदळात तशीच राहिली.

'कुणाचा होता?' त्यांनी विचारलं.

माहीत नाही, मी म्हटलं.

'नाव वाचलं नाहीस?'

मी मान हलवली. मी खरंच वाचलं नव्हतं. बाई होती की पुरुष, म्हातारं की मूल, काही बघितलं नव्हतं. मला फक्त दगड हवा होता. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तांदूळ झाकून ठेवून म्हणाल्या, आठ दिवस मी दुसऱ्याच्या माणसाला यांच्या नावानं हाक मारत्येय. उद्या नदीवर जायच्या आधी तिकडे जाऊ, ज्याचं त्याला देऊ.

आणि बाबा? नवऱ्यानं विचारलं. त्याला तेव्हाच सगळं कळलं होतं आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. नदीत मग काय सोडायचं? आधी तिकडे जाऊ, एवढंच सासूबाई पुन्हा म्हणाल्या.

शनिवारी सकाळी आम्ही चौघं गेलो. फाटकाला कुलूप होतं. मी त्या बाईच्या घराची बेल वाजवली. तिनं खिडकी उघडून मला ओळखलं आणि म्हणाली, आज शब्बाथ, आज उघडता येत नाही, उद्या या. मी तिला विनवणार होते, पण काय सांगून विनवू? मी तुमच्या इथून चोरून नेलेलं परत द्यायला आले आहे, पण कुठून उचललं ते मला आठवत नाही? मी फाटकाच्या गजांतून आत बघितलं. सगळी थडगी सारखी दिसत होती. उघडलं असतं तरी मला ती जागा सापडली नसती. हे मी सासूबाईंना सांगितलं, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या दगड हातात धरून फाटकापाशी उभ्या होत्या. 'शनवार,' त्या म्हणाल्या. 'मला कळायला नको?' मग कपाळ गजाला टेकवून पहिल्यांदा रडल्या. माझी मुलगी त्यांच्या पदराला धरून उभी राहिली. मला जवळ जायचा धीर झाला नाही.

नवऱ्यानं घड्याळाकडे बघितलं. गुरुजींनी अकराची वेळ दिली होती, त्यांच्यापुढे अजून किती जण ताटकळलेले होते. थोड्या वेळानं सासूबाईंनी डोळे पुसले आणि त्या स्वतःच गाडीकडे चालायला लागल्या.

ल्यूकनला लिफी नदीच्या काठी उतरायला जागा आहे. पाणी बंधाऱ्यावरून पडतं, त्यामुळे गुरुजींचा आवाज नीट ऐकू येत नव्हता. लॅपटॉप एका दगडावर ठेवला होता. नवऱ्यानं जीन्सवर उपरणं गुंडाळलं होतं, टक्कल स्वतःच केलेलं, दोन जागी कापलेलं. पिंड ठेवले. दगडावर शेवटचं पाणी द्यायची वेळ आली तेव्हा सासूबाई पुढे झाल्या आणि गुरुजींना म्हणाल्या, यात आणखी एक जण आहे, त्यांनाही द्यायचंय. गुरुजींनी नाव विचारलं, गोत्र विचारलं. 'नाव माहीत नाही म्हणा,' त्या म्हणाल्या. गुरुजी म्हणाले, असंही देता येतं, ज्यांचं नावगाव माहीत नाही त्यांच्यासाठी मंत्र आहे. त्यांनी तो म्हटला. नवऱ्यानं दोनदा पाणी सोडलं आणि दगड लिफीत सोडला. कुणाचं तरी 'मी विसरले नाही' हे सांगणं माझ्यामुळे नदीच्या तळाशी गेलं. मला हे आजही सहन होत नाही.

दुपारी घरी आल्यावर दिराचा व्हिडिओ कॉल आला. ताप उतरल्यावर आज तो पहिल्यांदा बाहेर पडला होता. अस्थी आणायला तो अलिबागला गेला होता आणि तिथूनच बोलत होता. गाल आत गेलेले, मागे पत्र्याची शेड. हातात लाल फडकं बांधलेलं मडकं होतं, ते त्यानं कॅमेऱ्यापुढे धरलं. तिथे रांगेनं मडकी ठेवलेली होती, दहा दिवसांची, कुणी न्यायला न आलेली. संध्याकाळी रेवदंड्याच्या खाडीत सोडतो, तो म्हणाला.

सासूबाई फोनच्या अगदी जवळ सरकल्या.

'नाव वाचून घेतलंस ना रे?'

त्यानं मडकं कॅमेऱ्यापुढून खाली घेतलं, छातीशी धरलं.

'आई, मधे अवकाळी पाऊस झाला,' तो म्हणाला. 'चिठ्ठ्या सगळ्या पुसल्यात. गुरुवारची या कोपऱ्यात, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यातलं एक घेतलं.'

नवरा उठून स्वयंपाकघरात गेला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि मी खाली बघितलं नाही. मग त्या फोनकडे वळल्या.

'ऱ्हाऊ दे,' त्या म्हणाल्या. 'मिळालंय ते नीट सोड. कुणाचं तरी असेलच.'